राखलेला अंधार

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता 'प्रकाश'. दिवाळी अंकाला शोभणारा विषय. पण गेली काही वर्षं एक वेगळाच प्रकाश माझ्या डोक्यात घर करून होता. तो दर रात्री आपल्या सगळ्यांच्या माथ्यावर पडतो. नाशिकलाही पडतो, पणजीलाही पडतो. निळसर असतो, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता टिकतो आणि उघड्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो पाहण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञ उटीला गेले, गुलमर्गला गेले, पचमढीला गेले, माउंट अबूला गेले, आणि शेवटी लडाखच्या पूर्व टोकाला, चांगथांगच्या पठारावर हानले नावाच्या गावाजवळ जाऊन बसले. प्रकाशाचा हा शोध शेवटी इतक्या उंच आणि काळोख्या जागी का सरकत गेला, हे मला तिथे जाऊन पाहायचं होतं. म्हणून भाद्रपद संपता संपता, सर्वपित्री अमावास्येच्या बेतानं, मी हानलेला गेलो.

तिथी मुद्दाम धरली होती. हानलेला हा प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींचं वेळापत्रक चंद्रावर ठरतं. शुद्ध पक्षात चंद्र मावळल्यावर काम सुरू करायचं, वद्य पक्षात चंद्र उगवायच्या आत आवरतं घ्यायचं, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस दुरुस्तीला ठेवायचे. अमावास्येच्या आगेमागे मात्र रात्रभर काम. साहजिकच आश्विनातली अमावास्या, म्हणजे लक्ष्मीपूजनाची रात्र, ही इथली ऐन कामाची रात्र. त्या दिवसांत वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आणि या दुर्बिणींचं ठरलेलं लक्ष्य, रात्री आठ-नऊच्या सुमारास उगवतो आणि पहाटे तीन-चारच्या आसपास जवळजवळ डोक्यावर येतो. घरोघरी पणत्या लागलेल्या असताना इथली माणसं एकही दिवा बाहेर दिसू नये याची काळजी घेत बसलेली असतात.

सिंधूच्या काठाकाठानं

लेहपासून हानले सुमारे अडीचशे किलोमीटर. उपशीला मनालीचा रस्ता सोडायचा आणि सिंधूला धरून वर जायचं. चुमाथांगला नदीकाठी गरम पाण्याचे झरे लागतात, मग माहे, मग लोमाचा पूल. सीमा जवळ असल्यानं परवाना दाखवावा लागतो. पुलापलीकडे दरी रुंदावते, डोंगर मागे सरतात आणि गवताळ माळावर कियांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं, कळपानं चरताना दिसू लागतात. हानलेचा सतराव्या शतकातला गोंपा एका टेकाडावर उभा आहे. त्याच्या समोरच्या बाजूला दिग्पा-रत्सा-री नावाचा डोंगर. त्याच्या माथ्यावर, ४५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. त्याच माथ्यावर मुंबईच्या आयआयटीनं या संस्थेबरोबर उभारलेली 'ग्रोथ' ही छोटी दुर्बीणही आहे.

मला मात्र माथ्यावर जायचं नव्हतं. पायथ्याच्या सपाटीवर, ४२७० मीटरवर, दोन यंत्रं आहेत. सात दुर्बिणींचा एक समूह, सहा कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी. प्रत्येकीवर नव्वद सेंटिमीटर व्यासाचे सात आरसे. हा 'हॅगार'. २००८ सालापासून तो पूर्ण स्वरूपात उभा आहे. त्याच्या पुढे सगळ्या माळावर वर्चस्व गाजवणारी एकवीस मीटर व्यासाची उघडी तबकडी, म्हणजे 'मेस'. मेजर ॲटमॉस्फेरिक चेरेनकॉव्ह एक्स्परिमेंट. भाभा अणुसंशोधन केंद्रानं हैदराबादच्या ईसीआयएल आणि इतर संस्थांच्या मदतीनं ती बांधली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचं औपचारिक उद्घाटन झालं, पण तिच्या कॅमेऱ्यानं पहिला प्रकाश टिपला होता २०२१ साली.

माथ्यावरच्या दुर्बिणींना घुमट आहेत, या दोन्हींना नाहीत. आणखी एक फरक जास्त मोलाचा आहे. माथ्यावरच्या दुर्बिणी तारे पाहतात. पायथ्याच्या या दुर्बिणी तारे पाहत नाहीत. त्या आपल्या डोक्यावरची हवा पाहतात.

हवेत कोसळणारा वर्षाव

अवकाशातून पृथ्वीवर अखंड कणांचा मारा होत असतो. ते बहुतेक प्रोटॉन असतात, काही जड अणूंची केंद्रकं असतात. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली फुग्यातून वर जाऊन किरणोत्सार उंचीबरोबर वाढतो हे दाखवलं, तेव्हा त्यांचा पत्ता लागला. आपण त्यांना विश्वकिरण म्हणतो. त्यांच्या जोडीला कधीतरी एखादा अतिशय ऊर्जावान गॅमा किरण येतो. आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. या गॅमा किरणाची ऊर्जा अब्जावधी, कधी लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट.

असा गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाही. वातावरणाच्या वरच्या थरांत एखाद्या अणुकेंद्रकाजवळून जाताना तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ही जोडी पुढे जाताना नवे गॅमा किरण सोडते, त्यांतून पुन्हा जोड्या निघतात. दोनाचे चार, चाराचे आठ असं वाढत जमिनीपासून आठ-दहा किलोमीटर उंचीवर कणांची संख्या शिगेला पोचते. मग वाटून वाटून प्रत्येकाची ऊर्जा इतकी कमी होते की वर्षाव विरून जातो. या साखळीचं गणित १९३७ साली दोघांनी मिळून मांडलं. एक वॉल्टर हाइटलर आणि दुसरे केंब्रिजमध्ये काम करणारे तरुण होमी भाभा. पुढे त्याच भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. आज त्यांच्या नावाचं ट्रॉम्ब्याचं केंद्र आणि कुलाब्याची ही संस्था दोन्ही हानलेच्या माळावर आहेत आणि भाभांनी कागदावर मांडलेला तोच वर्षाव रोज रात्री मोजताहेत.

पण वर्षाव जमिनीच्या कितीतरी वरच विरून गेला तर खाली बसून तो दिसतो कसा?

निर्वात पोकळीत प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही. हवेत मात्र प्रकाश किंचित मंदावतो, समुद्रसपाटीला सेकंदाला सुमारे ९० किलोमीटरनं. सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या हिशोबात हे काहीच नाही. पण वर्षावातले इलेक्ट्रॉन इतके वेगवान असतात की ते त्या हवेतल्या प्रकाशाला मागे टाकतात. खाडीत होडी लाटांपेक्षा जोरात निघाली की तिच्या नाळेपासून दोन्ही अंगांना पाणी पाचरीसारखं फाकत जातं, तसा या कणांमागे प्रकाश शंकूच्या आकारात फाकतो. पावेल चेरेनकॉव्ह यांनी १९३४ साली द्रवांमध्ये ही निळी चमक नोंदवली. इल्या फ्रँक आणि इगोर ताम यांनी तिचा उलगडा केला. १९५८ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

हवेतला हा शंकू फारच निमुळता, जेमतेम एक अंशाचा. दहा किलोमीटरवरून तो खाली येईपर्यंत जमिनीवर प्रकाशाचं एक वर्तुळ पडतं. दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर त्याची त्रिज्या साधारण १२० मीटर असते, म्हणजे क्षेत्रफळ अकरा एकरांच्या आसपास. एका गॅमा किरणाचा प्रकाश अकरा एकरांवर पसरतो आणि पाचेक नॅनोसेकंदांत संपतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश स्वतः फक्त एक फूट पुढे सरकतो.

याच पसरण्यात सगळ्या खटाटोपाचं फळ आहे. क्रॅब तेजोमेघाकडून येणारे लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टांवरचे गॅमा किरण इतके विरळ आहेत की एक चौरस मीटरचं उपकरण अवकाशात वर्षभर ठेवलं तर त्यावर सहा-सातच पडतील. जमिनीवरच्या दुर्बिणीला मात्र तो किरण अंगावर पडावा लागत नाही. त्याच्या अकरा एकरांच्या वर्तुळात ती कुठेही असली तरी पुरतं. वर्षाची वाट पाहणं बारा मिनिटांवर येतं. हे गणित समजलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथलं खरं उपकरण आरसा नाही, कॅमेराही नाही. खरं उपकरण आहे डोक्यावरची हवा आणि ती चमक बुडू न देणारा अंधार. दोन्ही माणसाला बनवता येत नाहीत. जपता मात्र येतात.

कचऱ्याच्या पिंपापासून पचमढीपर्यंत

रात्रीच्या आकाशातल्या एकूण उजेडाचा दहा हजारांतला एखादा भाग या चमकांचा असावा, असा अंदाज ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी १९४८ साली बांधला. १९५२ साली इंग्लंडमध्ये हार्वेलला बिल गॅलब्रेथ आणि जॉन जेली यांनी कचऱ्याचं एक पिंप घेतलं, त्याच्या तळाशी पंचवीस सेंटिमीटरचा अंतर्वक्र आरसा ठेवला, त्याच्या नाभीवर मंद प्रकाशाचा विजेचा ठोका करणारी एक फोटोमल्टिप्लायर नळी बसवली आणि पिंप उघड्या आकाशाकडे तोंड करून ठेवलं. दर एक-दोन मिनिटांनी ताऱ्यांच्या उजेडाहून ठळक असा एक ठोका नळीत उमटू लागला. ब्लॅकेटांचा अंदाज खरा ठरला होता. एवढ्या साध्या साहित्यातून एक नवं खगोलशास्त्र सुरू झालं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

भारतात ही वाट १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे ताऱ्यांचे अवशेष, नुकतेच सापडले होते. त्यांच्याकडून गॅमा किरण येतात का, हे पाहायला टाटा संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन आणि त्यांचे सहकारी उटीच्या डोंगरावर अंतर्वक्र आरसे घेऊन बसले. १९८६ साली हा तळ सातपुड्यात पचमढीला हलला. विदर्भातली माणसं वर्षानुवर्षं उन्हाळ्यात जिथे सहलीला जातात, त्या पचमढीच्या पठारावर पुढे पंचवीस दुर्बिणींचा समूह उभा राहिला. पद्धत अशी की चमकेची पुढची कड प्रत्येक दुर्बिणीपाशी नेमकी कोणत्या नॅनोसेकंदाला पोचली ते टिपायचं आणि त्या फरकांवरून वर्षाव कुठून आला ती दिशा काढायची. हानलेचा हॅगार हा याच पद्धतीचा वारस. तिकडे भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गुलमर्गला प्रयोग केले आणि पुढे माउंट अबूला गुरुशिखराजवळ 'टॅक्टिक' उभारली. तिच्यात चमकेचं चित्र घ्यायचा कॅमेरा होता. मेस तिची पुढची पिढी.

उंचीचा हिशोब

पचमढी हजार-अकराशे मीटरवर, अबू तेराशेवर. मग एकदम ४२७० मीटर कशासाठी?

पहिलं कारण, चमक जिथे जन्मते त्या जागेच्या जवळ जायचं. हानलेला उभं राहिल्यावर वातावरणाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग आपल्या पायाखाली राहिलेला असतो. प्रकाशाचं वर्तुळ अजून फारसं फाकलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या मध्याजवळ प्रकाशकण समुद्रसपाटीपेक्षा चार-पाच पट दाट असतात. शिवाय चमक निळी-जांभळी असते, आणि धूळ व दाट हवा सगळ्यांत जास्त गिळते तोच रंग. खालच्या धुळीतून तिला जावंच लागत नाही.

दुसरं कारण त्यातूनच निघतं. खालच्या उंचीवर मंद चमका ताऱ्यांच्या उजेडात बुडून जातात, त्यामुळे जास्त ऊर्जेचेच किरण पकडता येतात. उपग्रह कमी ऊर्जेचे किरण चांगले पकडतात, पण ऊर्जा वाढली की त्यांचं छोटं अंग पुरत नाही. मधला पट्टा, दहा ते शंभर अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या दरम्यानचा, बराच काळ दोघांच्याही हातून निसटत होता. एकवीस मीटरचा आरसा एवढ्या उंचीवर न्यायचा तो या पट्ट्यासाठी. आणि हा पट्टा हवा असतो दूरवर पाहण्यासाठी. विश्वात पसरलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाशी गाठ पडून फार ऊर्जावान गॅमा किरण लांबच्या प्रवासात नष्ट होतात. कमी ऊर्जेचे तग धरतात. दूरच्या दीर्घिकांची खबर तेच आणतात.

तिसरं कारण नकाशावर दिसतं. उत्तर गोलार्धातल्या या जातीच्या बाकी मोठ्या दुर्बिणी कॅनरी बेटांवर आणि ॲरिझोनात आहेत. हानले कॅनरी बेटांच्या सुमारे साडेसहा तास पूर्वेला आहे. एखादी दीर्घिका अचानक भडकली आणि तिकडे दिवस असला, तर पहारा इकडून करता येतो. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३मध्ये पर्सियस दीर्घिकागुच्छाच्या मध्यावरची एनजीसी १२७५ ही दीर्घिका अशीच भडकली, तेव्हा मेसनं तिचे गॅमा किरण टिपले. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरांचे पूर्वज वावरत होते.

रुळावरची तबकडी

दिवसाउजेडी मेसखाली उभं राहिलं की मान मोडेपर्यंत वर पाहावं लागतं. १८० टन वजनाचा सांगाडा सहा चाकांवर उभा आहे आणि ती चाकं २७ मीटर व्यासाच्या गोल रुळावर फिरतात. त्यामुळे तबकडी कोणत्याही दिशेला वळते आणि वरखाली झुकते. आरसा एकसंध नाही. ३५६ चौकटी, प्रत्येकीत धातूचे चार छोटे आरसे. काचेऐवजी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग हिऱ्याच्या टोकानं कातून चकचकीत केलेला. वजन कमी, थंडीवाऱ्याला टिकाऊ. सांगाडा किंचित वाकला तरी प्रत्येक चौकट आपल्या मोटरीनं जागेवर आणता येते. एखाद्या ठळक ताऱ्याकडे रोखून सगळ्या चौकटींची प्रतिबिंबं एका ठिपक्यात मिळवतात.

आधी हे सगळं हैदराबादला जोडून पाहिलं गेलं. मग सुटं करून ट्रकांवर चढवलं आणि लडाखला आणलं. बर्फानं खिंडी बंद होण्याआधीच्या काही महिन्यांत पोचेल तेवढंच पोचायचं, बाकीचं पुढच्या उन्हाळ्यात. या प्रवासाची कल्पना आली ती येताना घाटात समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देण्यासाठी आमची गाडी कडेला अंग चोरून उभी राहिली तेव्हा.

आरशाच्या नाभीवर कॅमेरा टांगलेला आहे. त्यात १०८८ फोटोमल्टिप्लायर नळ्या. प्रत्येक नळीच्या तोंडावर षट्कोनी नरसाळं, म्हणजे दोन नळ्यांमधल्या फटीत पडणारा प्रकाशही वाया जाऊ नये. नळीत एक प्रकाशकण पडला की त्यातून एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि पायरीपायरीनं त्याचे हजारो, लाखो होतात. इतक्या हळव्या नळीवर दिवसाचा उजेड पडला तर ती निकामी होईल. म्हणून सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश जाईपर्यंत कॅमेऱ्याचं झाकण उघडत नाही.

झाकण उघडल्यावरही नळ्यांवर ताऱ्यांचा उजेड सतत पडतच असतो. चमक त्यातून वेगळी काढायची युक्ती वेळेत आहे. ताऱ्यांचा उजेड सेकंदभर साठवला तर चमक त्यात हरवून जाईल. पण पाच नॅनोसेकंदांपुरतंच पाहिलं तर तेवढ्यात एका नळीत ताऱ्यांचे मोजकेच प्रकाशकण येतात आणि चमक उठून दिसते. शेजारशेजारच्या काही नळ्या एकाच क्षणी उजळल्या तरच यंत्र तो प्रसंग नोंदवतं. एकटीदुकटी नळी लुकलुकली तर सोडून देतं.

रात्री नियंत्रण कक्षात पडद्यावर ही चित्रं सरसर येत होती. षट्कोनी ठिपक्यांच्या जाळीत एक ठसा उमटतो, पुसतो, लगेच दुसरा. दर वेळी हवेत कुठेतरी एक वर्षाव कोसळून गेलेला असतो.

हजारांतला एक

त्यातले बहुतेक ठसे नको असलेले असतात. एका गॅमा किरणामागे हजारभर वर्षाव प्रोटॉनांचे असतात. प्रोटॉनवर विद्युतभार असतो, त्यामुळे आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रात वळणं घेत घेत तो येतो आणि आला त्या दिशेवरून त्याचं गाव कळत नाही. गॅमा किरण सरळ येतो. गाव सांगणारा तोच.

ओळखायचं ठशाच्या आकारावरून. गॅमा किरणाचा वर्षाव सडपातळ आणि शिस्तीत असतो, त्याचा ठसा लांबट, गुळगुळीत आणि टोकानं उगमाकडे रोखलेला. प्रोटॉनचा वर्षाव अणुकेंद्रकं फोडत येतो, त्यातून वेगवेगळ्या जातीचे कण आडवेतिडवे फाकतात, ठसा विसविशीत आणि फाटका. त्या कणांतला एकटा म्युऑन जवळून गेला तर कमान किंवा पुरतं कडं दिसतं. ठशाची लांबी, रुंदी आणि कल मोजून निवड करण्याची ही रीत ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल हिलास यांनी १९८५ साली मांडली. ॲरिझोनातला दहा मीटरचा व्हिपल आरसा १९६८पासून उभा होता. पण ट्रेव्हर वीक्स आणि त्यांच्या गटाला क्रॅब तेजोमेघाचे गॅमा किरण ठामपणे दाखवता आले ते ही रीत हाती आल्यावर, १९८९ साली. एकवीस वर्षं आकाशाकडे तोंड करून थांबण्याची तयारी असणारी माणसं होती, म्हणून हे शास्त्र आज आहे.

त्या रात्री साडेदहाच्या पुढे पूर्वेला क्रॅब वर आला. चिनी निरीक्षकांनी १०५४ साली नोंदवलेल्या स्फोटाचा तो अवशेष, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचा, पोटात सेकंदाला तीस गिरक्या घेणारा पल्सार बाळगणारा. जगभरच्या या जातीच्या दुर्बिणी आपापलं माप त्याच्यावरच तपासून घेतात.

विरळ हवेतलं काम

हानलेची हवा दुर्बिणीला मानवते, माणसाला नाही. लेहला थांबून अंगाला उंचीची सवय करून घेतल्याखेरीज इथे येऊ नये. सवय झाल्यावरही जिना चढताना छाती भरून येते, झोप तुटक लागते, भूक मंदावते. हिवाळ्यात पारा उणे पंचविसाच्या आसपास उतरतो.

यंत्रांचेही हाल होतात. हवा विरळ असल्यानं पंखे उष्णता नीट वाहून नेत नाहीत, त्यामुळे बाहेर गोठवणारी थंडी आणि आत तापलेली इलेक्ट्रॉनिक्स असा उलटा प्रकार. विरळ हवेत उच्च दाबाच्या तारांत ठिणगी लवकर उडते, आणि फोटोमल्टिप्लायर नळ्या तर उच्च दाबावरच चालतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कचं टोक हवेच्या पातळ थरावर तरंगतं. तो थर इथे पुरेसा नसतो. डिझेल थंडीनं घट्ट होतं. हवा इतकी कोरडी की लोकरीचा हातमोजा काढला तरी बोटाला झिणझिणी येते आणि तेवढी स्थिर वीज एखाद्या सर्किटाला पुरते. एखादा सुटा भाग बिघडला तर तो अडीचशे किलोमीटरवरच्या लेहमध्ये मिळेलच असं नाही. म्हणून इथे काम करणाऱ्याला भौतिकशास्त्राइतकंच पाना, सोल्डरिंग आणि जनरेटर कळावं लागतं. मुंबईहून पाळीपाळीनं येणारी तरुण मंडळी आणि वर्षभर इथेच असणारे लडाखी कर्मचारी यांची जोडी नसती, तर यातलं काहीच चाललं नसतं. उद्घाटनाच्या छायाचित्रांत तबकडी दिसते. तिला रोज रात्री वळती ठेवणारे हातही दिसायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

अंधाराचे राखणदार

हानलेला वर्षाला अडीचशेच्या वर रात्री निरीक्षणाजोग्या मिळतात. पाऊस-बर्फ मिळून वर्षाला दहा सेंटिमीटरही पडत नाही. ही निसर्गाची देणगी. अंधार मात्र आता आपोआप टिकत नाही.

पूर्वी इथे वीजच जेमतेम होती, म्हणून अंधार होता. आता रस्ते झाले, सौरदिवे आले, जगातल्या सर्वांत उंच मोटार रस्त्यांपैकी एक असलेल्या उमलिंग ला खिंडीकडे जाणारे प्रवासी हानलेला मुक्काम करू लागले. आलेला प्रत्येक माणूस दिवे घेऊन येतो. हे ओळखून २०२२ साली लडाख प्रशासन, लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून हानले आणि भोवतालचा हजार चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश अंधाराचा राखीव प्रदेश ठरवला. वेधशाळेचे लडाखी अभियंते दोर्जे आंगचुक यांनी या कामाला वाहून घेतलं.

राखीव म्हणजे लोकांना बाहेर काढणं नव्हे, हे मला फार मोलाचं वाटलं. बोक, शादो, पुंगुक, खुलदो, नागा या वाड्यांमधल्या दोन डझन तरुण-तरुणींना दुर्बीण हाताळायला शिकवलं, प्रत्येकाला एकेक छोटी दुर्बीण दिली. आता घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना ते शनीची कडी दाखवतात आणि त्यातून चार पैसे मिळवतात. ज्याच्या चुलीला अंधाराचा आधार आहे तो अंधार राखतो.

मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आमा-ले, म्हणजे घरच्या आई, संध्याकाळी जव झोडपून आल्या. बुखारीत शेणी सारून त्यांनी चहा ठेवला आणि दिवा लावण्याआधी खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतले. कुणी सांगायला आलं नव्हतं. दाराबाहेरचा दिवा खाली तोंड केलेला, वरून झाकलेला होता. रात्री गाडी आलीच तर दिवे खाली पाडून हळू येते. असे पडदे वाडीवाडीत ओढले जातात, तेव्हा मेसच्या नळ्यांना पाच नॅनोसेकंदांची चमक दिसू शकते. एनजीसी १२७५वरच्या शोधनिबंधावर या घरांची नावं नाहीत. पण त्या निरीक्षणात त्यांचा वाटा आहे, यात मला शंका नाही.

आपल्या आकाशाचं काय

उटी, पचमढी, अबू, हानले या ठिकाणांची नावं ओळीनं वाचली की ती एका शास्त्राची प्रगती वाटते, आणि ती आहेच. पण तीच यादी आपल्या अंधाराच्या माघारीचीही आहे. हानलेच्या पलीकडे आता फार जागा उरलेली नाही. उंची विकत घेता येत नाही, हवा बनवता येत नाही, आणि एकदा गेलेला अंधार परत आणायला गावंच्या गावं राजी करावी लागतात.

ती राजी होतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं आंतरराष्ट्रीय मान्यतेचं 'डार्क स्काय पार्क' म्हणून दर्जा मिळाला. त्यासाठी तिथल्या गावांमधले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली उजेड टाकणारे बसवले गेले. गाव अंधारात गेलं नाही. उजेड रस्त्यावर पडला आणि आकाश मोकळं झालं. रात्री चालणाऱ्या प्राण्यांनाही त्याचा फायदा झाला.

हे आपल्या तालुक्याच्या गावात का होऊ नये? पथदिव्याला वरून टोपी, पांढऱ्याफेक दिव्याऐवजी पिवळसर दिवा, मध्यरात्रीनंतर रिकाम्या मैदानांचे आणि जाहिरातफलकांचे दिवे बंद. यात खर्च फारसा नाही, उलट वीज वाचते. सह्याद्रीच्या कित्येक घाटमाथ्यांवर अजून आकाशगंगा दिसते. ते माथे वनखात्याच्या, ग्रामपंचायतींच्या ताब्यात आहेत. राखीव जंगलासारखा राखीव अंधार मागायची सुरुवात ग्रामसभेच्या एका ठरावानं करता येते. तिथे उद्या एकवीस मीटरची तबकडी येणार नाही. पण एखाद्या शाळकरी मुलीला वृषभ राशीतला तो कोपरा बोट दाखवून सांगता येईल की तिथे एक फुटलेला तारा आहे, त्याचा उजेड या क्षणी आपल्या डोक्यावरच्या हवेत चमकतो आहे आणि हानलेची माणसं तो मोजताहेत. त्यातली एखादी मुलगी पुढे तो मोजायला जाईल. हा ठराव मांडायला येत्या ग्रामसभेइतका चांगला मुहूर्त नाही.